तिसरी बाटली

अलीगंज, लखनौ
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. अंतरा,

फेस अजून बसलेला नाही, म्हणून थांबलो आहे. ग्लास डाव्या हातात आहे. ओतून सहा मिनिटं झाली. फेस खाकी रंगाचा, बारीक, दाट. काचेला जाळी धरतो आहे.

आता बसला.

वरून पाहिली तर तुझी बिअर काळी. खिडकीकडे नेली की तळाशी लाली उतरते, डाळिंबाच्या रसासारखी. पलीकडचा छापील कागद वाचता येतो. गढूळपणा अजिबात नाही.

जिभेवर आधी गोड. मग तो गोडवा आपणहून मागे सरतो. मद्य साडेसात टक्के असल्याचं तू बाटलीवर लिहिलं आहेस. ते घशाला टोचत नाही, थोड्या वेळाने छातीत ऊब म्हणून कळतं. कडूपणा मागे उभा आहे, पुढे येत नाही. अंगाने भरदार आहे आणि तरी चिकट नाही. हे अवघड असतं.

वास: भाजलेल्या पावाची कड, मनुका, काकवी, थोडं अंजीर. स्वच्छ. दोष नाही.

माझ्या मते तयार आहे. टाकीतून काढायला हरकत नाही. तुमच्या मालकांना दाखवायचं असेल तर हेच पत्र दाखव.

फोन करू नकोस. आपला नियम तोच. आधी लिहायचं, मग बोलायचं. बोललेली चव संध्याकाळपर्यंत टिकत नाही. जे असेल ते लिहून रिज़वान भैयांबरोबर पाठव. ते कामाला येता-जाताना इथूनच जातात. विनया त्यांना चहा देते, ते तुमच्या हॉटेलातले कबाब ठेवून जातात. ती खात नाही, मी खातो. व्यवस्था चांगली आहे.

अनेक आशीर्वाद.
गोपीनाथ


गोमतीनगर
बुधवार, १२ फेब्रुवारी

आदरणीय सर,

पत्र तीनदा वाचलं. ‘हे अवघड असतं’ या ओळीपाशी तिन्ही वेळा थांबले. सुगंधी तेलांच्या संस्थेत तुमच्या वासाच्या खोलीत सहा महिने काढले, तेव्हा तुमच्याकडून मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी ‘ठीक’ ही होती.

रिज़वान भैयांना वाचून दाखवलं. ते तवा सोडून बाहेर आले. म्हणाले, “डॉक्टर साहब ने पास कर दिया? मुबारक हो. अब इसे हमारी निहारी के साथ चलाइए.” आमच्या मालकांनी, मेहरोत्राजींनी तर पत्राला फ्रेम केली. काउंटरमागे लावली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की हे डॉक्टर साहेब नुसत्या वासावरून पुदिन्याचं तेल बाराबंकीचं की सीतापूरचं ते ओळखायचे. होळीला ही बिअर काढायची असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. होळी चौदा मार्चला. टाकी एकच मोठी आहे आणि ती त्यांना उन्हाळ्याच्या गव्हाच्या बिअरसाठी रिकामी हवी.

सर, मला एक शंका आहे.

ही बिअर थंड टाकीत मुरते. थंड असताना एक दोष तिच्यात लपून राहू शकतो. थोडी बिअर काढून गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवली आणि परत गार केली की तो वर येतो, लोण्यासारखा वास येतो. तसा आला तर आज स्वच्छ वाटणारी बिअर महिन्याभराने ग्लासात लोण्याचा वास मारते. उपाय सोपा आहे. टाकी चार-पाच दिवस थोडी गरम ठेवायची, यीस्टच तो दोष खाऊन टाकतं. पण त्यानंतर पुन्हा थंडीत सहा-सात आठवडे. म्हणजे होळी गेली.

मी ती चाचणी केली. एकदा वाटलं आहे, एकदा वाटलं नाही. मी सकाळी नऊपासून त्याच वासात उभी असते, माझ्या नाकावर माझा विश्वास नाही. तुमच्यावर आहे.

तीन बाटल्या पाठवते. तिन्हींत एकाच टाकीची बिअर. एक गरम करून गार केलेली आहे. कुठली ते लिहीत नाही. तुम्हीच शिकवलंत.

काकूंना नमस्कार.
अंतरा


अलीगंज
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चि. अंतरा,

तिन्ही बाटल्या उघडल्या. तिन्ही सारख्या. तिन्हींत कसलाही दोष नाही.

शंका घेण्याची सवय चांगली आहे. ती कधी सोडायची हेही कळलं पाहिजे. होळीला काढ.

फ्रेमची गरज नव्हती.

गोपीनाथ

ता.क. सोबतचा डबा विनयाने दिला आहे. नाचणीचं सत्व.


(डब्याच्या झाकणाखाली, घडी केलेल्या कागदावर)

शुक्रवार

अंतरा,

सत्व दुधात शिजव, पाण्यात नको. कॅन्टोन्मेंटमधल्या आपल्या मराठी मुलींच्या बाळांसाठी करते, तेव्हा एक डबा जास्तीचा होतो.

लिहायचं कारण वेगळं. काल यांनी तुझ्या बाटल्या जेवणाच्या टेबलावर उघडल्या. मी ओट्याशी होते, पाठमोरी. तिसरी उघडली आणि मला वाटलं, मी लोणी कढवायला ठेवून विसरले. वळून बघितलं. गॅस बंद होता. कढई जागेवर.

बेरीचा वास होता. तूप कढल्यावर तळाला राहते ती बेरी. पहिल्या दोन बाटल्यांना नव्हता.

दारूतलं मला काही कळत नाही. पण नाचणीला मोड आणून ती वाळवणं, भाजणं यात माझी चाळीस वर्षं गेली. तुमचं सातूचं तेच असतं असं हे म्हणतात. त्यात लोण्याचं काम काय?

मी लिहिलं हे यांना सांगू नकोस.

विनयाकाकू


गोमतीनगर
रविवार, १६ फेब्रुवारी

आदरणीय सर,

गरम केलेली बाटली तिसरी होती. मी पुन्हा चाचणी केली, या वेळी सकाळी, आत पाऊल टाकण्याआधी, बाहेर गेटवर उभं राहून. लोण्याचा वास आहे. संशय नाही.

तुम्ही लिहिलंत तिन्ही सारख्या.

हे तुम्हाला कळलं नाही असं मी मानू शकत नाही. एकदा वासाच्या कागदी पट्टीवर खसाच्या तेलाचा थेंब मी चुकून आदल्या दिवशीच लावून ठेवला होता, तेव्हा तुम्ही दारातून सांगितलं होतंत, ही पट्टी शिळी आहे. तेव्हा एकच अर्थ उरतो. बाबा गेल्यापासून तुम्ही माझ्याशी मऊ वागता. त्यांच्या मित्राची मुलगी, एकटी, परक्या शहरात, पहिलीच मोठी बिअर. तुम्ही मला सांभाळून घेतलंत.

सर, मला सांभाळून घ्यायला नको होतं. मला परीक्षक हवा होता.

मेहरोत्राजींना मी दोषाबद्दल सांगितलं. ते हसले आणि फ्रेमकडे बोट दाखवलं. “बेटा, डॉक्टर साहब लिख रहे हैं दोष नहीं है. तुम्हारी नाक उनसे बड़ी हो गई? बीयर है, मुरब्बा नहीं. कितने दिन डालकर रखोगी?” तुमचं पत्र माझ्या विरोधात भिंतीवर लावलेलं आहे.

पाचशे लिटर आहे. होळीला ती अर्ध्या लखनौच्या ग्लासात लोण्यासारखी जाईल आणि पुन्हा इथे कुणी मला अशी बिअर करू देणार नाही. टाकी गरम करायची तर या आठवड्यात करायला हवी. यीस्ट थकत चाललं आहे.

रागात लिहिलं आहे. तरी पाठवते.

अंतरा


अलीगंज
बुधवार, १९ फेब्रुवारी

चि. अंतरा,

तुझं पत्र बरोबर आहे. त्यातला एकच अंदाज चुकला.

मला वास येत नाही.

एप्रिल २०२१ च्या तापात गेला. डॉक्टर म्हणाले, येईल. आठ महिने मी रोज सकाळी लवंग, लिंबू, कापूर हुंगत बसलो. एकदा कापूर आहे असं वाटलं. डबी उघडून बघितली तर रिकामी होती. त्या दिवशी सोडून दिलं.

कुणाला सांगितलं नाही. मी निवृत्त होतो, कुणी विचारणारंही नव्हतं. मग तू बाटली पाठवलीस.

पहिल्या पत्रातल्या वासाच्या ओळी मी बाटली उघडायच्या आधीच मनात तयार केल्या होत्या. अशा बिअरला काय वास असतो ते मला माहीत आहे. मनुका, काकवी, अंजीर. सगळं आठवणीतलं. तुझ्या बिअरमधलं काहीच नाही. बाकीचं खरं आहे. रंग, फेस, गोडवा, कडूपणा, अंग, ऊब. एवढं जिभेला आणि डोळ्याला कळतं, आणि त्यात मी सांभाळून घेतलेलं नाही. ते अवघड असतंच.

तीन बाटल्या आल्या तेव्हा थांबायला हवं होतं. तिन्ही हुंगल्या. तिन्ही म्हणजे काच. मी लिहिलं, सारख्या. ते लिहिताना मला ते खोटं वाटलं नाही, हे सांगायला जड जातं.

तुझं पत्र वाचून विनयाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “माहीत आहे.” मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, “दूध करपत होतं आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात. तीन वर्षं झाली.” पूर्वी दूध लागलं की ती आतून ओरडायची, अहो, वास येत नाही का? केव्हातरी तिने ओरडणं बंद केलं. मला वाटलं, स्वभाव निवळला.

मग तिने झाकणाखालच्या कागदाचंही सांगितलं. तू तिचं नाव घेतलं नाहीस. चांगलं केलंस.

मेहरोत्रांना हिंदीत वेगळं पत्र लिहिलं आहे, सोबत आहे. मजकूर एवढाच: ‘माझ्या ९ फेब्रुवारीच्या अहवालातला वासाचा भाग मी हुंगून लिहिलेला नाही. चार वर्षांपासून मला वास येत नाही. तो अहवाल रद्द समजावा. ही बिअर सदोष आहे आणि सुधारण्याजोगी आहे. अंतरा सांगेल तेवढा वेळ द्यावा. असं अंग असलेली बिअर घाईत वाया घालवणं चूक ठरेल.’ सही केली आहे. हवं तर यालाही फ्रेम करा.

टाकी आज गरम कर. उत्तराची वाट बघू नकोस.

गोपीनाथ


गोमतीनगर
शनिवार, २२ फेब्रुवारी

आदरणीय सर, काकू,

टाकी बुधवारी संध्याकाळीच सोळा अंशांवर नेली. परवानगी विचारली नाही.

मेहरोत्राजींनी पत्र गुरुवारी वाचलं. उभ्याने वाचलं, मग बसून. मला बोलावलं. म्हणाले, “मैं तो घर-घर इनकी नाक के क़िस्से सुना आया.” मग म्हणाले, “बीयर के लिए कोई इतना सच बोलता है?”

त्यांनी स्टुलावर चढून फ्रेम काढली. आतलं पत्र काढून माझ्या हातात दिलं. नवीन लावलं नाही. म्हणाले, “यह दीवार पर टाँगने की चीज़ नहीं है.” ते पत्र त्यांनी खिशात ठेवलं आहे.

वीस एप्रिलपर्यंत वेळ दिला. होळीला दुसऱ्या ठिकाणाहून बिअर आणणार आहेत. एक अट घातली. शेवटचा अहवाल पुन्हा अलीगंजहूनच यायला हवा. मी म्हटलं, पण सर तर... ते म्हणाले, “डॉक्टर साहब की ज़बान, और घर में जिसकी नाक है उसकी नाक.” काकू, तुमचं मी बोलले नव्हते. रिज़वान भैयांनी सांगितलं. त्या गुरुवारी चहाच्या वेळी ते तुमच्याकडेच होते म्हणे, आणि तुम्ही तिसरी बाटली उघडताच कढईकडे बघितलंत ते त्यांनी पाहिलं होतं. “हम बावर्ची हैं, बिटिया. हम भी समझ गए थे. डॉक्टर साहब के सामने कौन बोलता?”

म्हणजे खोलीत तिघं होतात. दोघांना कळलं होतं.

सर, मागच्या पत्राबद्दल माफी मागायची होती. लिहून बघितली, खोटी वाटली. मी परीक्षक मागितला होता. तुम्ही स्वतःचाच अहवाल रद्द केलात. याहून कडक परीक्षक मला मिळणार नाही.

अंतरा


अलीगंज
सोमवार, १७ मार्च

अंतरा,

हे पत्र माझं आहे, यांचं नाही. हे झोपले आहेत, दुपारची.

काल रिज़वानभाईंच्या मेहुण्याची गाडी मलिहाबादला जात होती, आम्हीही गेलो. सगळ्या बागा मोहोराने भरल्यात. पूर्वी आम्ही दर वर्षी जायचो. चार वर्षं यांनी काहीतरी कारण काढून टाळलं. मीही आग्रह केला नाही. काल स्वतःच म्हणाले, चल.

झाडाखाली उभे राहिले. मग मला म्हणाले, “सांग.” मी म्हटलं, काय सांगू, मोहोराचा वास. तर म्हणाले, “तसं नाही. आधी काय येतं, मग काय, शेवटी काय उरतं?” अशी परीक्षा माझी लग्नातही झाली नव्हती. मी म्हटलं, आधी मध, मग थोडी चिकाची तुरट धार, आणि शेवटी ओल्या पोत्यासारखं काहीतरी. हे खिशातल्या वहीत लिहून घेत होते. ओलं पोतं ऐकून खूश झाले. म्हणाले, हे संस्थेत एकानेही कधी लिहिलं नाही.

आता घरात हाच खेळ चालू आहे. फोडणी, साबण, पाहुण्यांचं अत्तर. आज सकाळी शेजारच्या मिश्राजींबद्दल विचारलं, ते मी सांगितलं नाही.

तुझी टाकी कशी आहे?

विनयाकाकू


गोमतीनगर
बुधवार, २ एप्रिल

काकू,

टाकी एक अंशावर आहे. शांत आहे. मी रोज तिला हात लावून येते, त्याने काही होत नाही.

गरम चाचणी तीनदा केली, तिन्ही वेळा गेटवर. लोणी गेलं. पण माझं मत मी देणार नाही. एकोणीस तारखेला एकच बाटली पाठवीन. क्रमांक नाही, काही लिहिलेलं नाही.

ओलं पोतं वाचून रिज़वान भैया मुद्दाम झाडाखाली जाऊन आले. म्हणाले, “बात तो सही है.”

अंतरा


अलीगंज
रविवार, २० एप्रिल

चि. अंतरा,

बाटली सकाळी अकराला उघडली. नियमाप्रमाणे कुणी बोललं नाही. विनयाला वही दिली होती. तिने तिचं लिहिलं, मी माझं. मग अदलाबदल केली. खाली दोन्ही उतरवतो. हाच अहवाल समज.

डोळा आणि जीभ, माझी:

रंग पूर्वीचाच, लाली जास्त खोल. फेस सात मिनिटं टिकला. गोडवा फेब्रुवारीत आधी यायचा आणि मग जायचा. आता तो येतो केव्हा आणि जातो केव्हा, हे सांगता येत नाही. कडूपणा वेगळा उभा नाही, गोडव्यातच मिसळला आहे. ऊब हळू येते. गिळल्यावर तोंड कोरडं होत नाही आणि चिकटही होत नाही. दोन महिन्यांपूर्वी मी हिला भरदार म्हटलं होतं. तो शब्द आता जाड वाटतो. वजन तेवढंच आहे, पण ते कळत नाही.

नाक, विनयाचं. तिच्याच शब्दांत:

‘मोड आलेली नाचणी मंद विस्तवावर परतताना एक वेळ येते. कच्चा वास संपलेला असतो, करपायला अजून अवकाश असतो. तेव्हा हात थांबवायचा. हिचा वास त्या वेळेचा आहे. आधी भाकरीचा पापुद्रा, तव्यावरून नुकता उतरलेला. मग खजूर. मनुका नाही, खजूर. मग शेवटी थोडी काकवी, भांडं रिकामं केल्यावर राहते तेवढी. बेरी नाही. दोनदा बघितलं. कोमट करूनही बघितलं. नाही.’

मी मनुका लिहिलं होतं ते खोडायचं आहे. खजूर.

अहवाल लिहून झाल्यावर ती म्हणाली, चमचाभर द्या. मी औषधाचा चमचा आणला. तिने अर्धाच घेतला. तोंडात ठेवला, डोळे मिटून. सत्तेचाळीस वर्षांत तिने हे केलेलं नाही. मी विचारलं, कशी आहे? ती म्हणाली, “कडू आहे.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण कुणी घाई केलेली नाही, हे कळतं.”

मी तीस वर्षं अहवाल लिहिले. त्यातल्या एकातही हे वाक्य नाही. असायला हवं होतं. शेरा म्हणून तेच खाली लिहिलं आहे.

बिअर उत्तम आहे, अंतरा. ‘ठीक’ नव्हे. उत्तम.

विनया
गोपीनाथ


(गोपीनाथांच्या खिशातल्या वहीत)

सोमवार, २१ एप्रिल, सकाळ

रिज़वान भैया साडेआठला आले. अहवाल त्यांच्याकडे दिला, खाली दोन सह्या आहेत, विनयाची आधी. ते गेल्यावर मी पेपर उघडला. विनया गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिथूनच ओरडली, “अहो, दूध लागलं, वास येत नाही का?” मी उठून गॅस बंद केला.